खुलासा: बटण बंद, तरी बल्ब मिणमिणतो
सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मंद जळत असेल तर तो बनावट आहे आणि रात्रभर मीटर पळतोय. दोन्ही निष्कर्ष चुकीचे.

बहुतेक वेळा कारण बल्बात नसून बोर्डात असतं. बटण बंद असताना लागणारा छोटा इंडिकेटर असेल, तर त्यातून किंचित करंट बल्बाकडे झिरपतो. जुना पिवळा बल्ब त्याला दादही देत नसे. एलईडी तेवढ्यावरही मिणमिणतो. बिलाचं म्हणाल, तर पाव वॉट धरला तरी एक युनिट पडायला ४००० तास, म्हणजे साडेपाच महिने लागतील. एवढ्यासाठी चांगला बल्ब कशाला फेकायचा?

खरी काळजी वेगळीच, आणि मेसेजात तिचा पत्ताच नाही. इंडिकेटर नसूनही बल्ब मिणमिणत असेल, तर बटण वीज आणणाऱ्या फेज वायरऐवजी परतीच्या न्यूट्रल वायरवर जोडलेलं असू शकतं. (शेजारून गेलेल्या लांब वायरींमुळेही असं होतं.) बटण न्यूट्रलवर असेल तर ते बंद असूनही होल्डरमध्ये २३० व्होल्ट हजर! स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. वायरमनला बोलावून तपासून घ्या, आणि तोवर बल्ब काढायचाच झाला तर मेन स्विच बंद करूनच.