स्प्रिंगची भीती रास्त आहे, पण लोअर आर्म खोलताना स्प्रिंग सुटत नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. तुम्ही 22 वर्षं गॅरेज चालवलंय, तेव्हा दोन ओळींत ‘धन्यवाद, काळजी घेऊ’ असं लिहून मोकळं होणं मला बरं वाटलं नाही.

ज्यांनी आधीचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या 1999 सालच्या मारुती 800 चं पुढचं सस्पेन्शन मी चिपळूणला घराच्या अंगणात उतरवलं आणि झिजलेले भाग बदलले, त्याबद्दल तो लेख होता. त्यावर तुमचे आक्षेप असे: स्प्रिंग उडून माणसं गेलेली तुम्ही ऐकली आहेत, हे घरी करायचं काम नव्हे. फोटोत गाडी जॅक आणि चिऱ्यावर उभी दिसते. असे लेख वाचून लोक मिस्त्रीच्या पोटावर पाय आणतात. आणि शेवटचा, 25 वर्षं उलटलेल्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा ती भंगारात द्यावी.

आधी चिऱ्याचं बोलतो, कारण तिथे चूक माझी आहे. तो फोटो पहिल्या संध्याकाळचा आहे. घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) आणायला भाऊ गेला होता. तेवढ्यात चाक काढून आतला गंज टिपावा म्हणून गाडी जॅकवर घेतली आणि आधाराला जांभ्याचा चिरा सरकवला. खाली हातसुद्धा घातला नव्हता, पण फोटो बघणाऱ्याला ते कसं कळणार? त्याला एवढंच दिसणार की चिरा चालतो. चिरा चालत नाही. घराच्या भिंतीत तो शंभर वर्षं उभा राहतो, कारण तिथे भार सगळीकडे सारखा पडतो. गाडीच्या चॅसिसची एखादी कड एकाच ठिकाणी टेकली की जांभा दुभंगतो, आणि दुभंगण्याआधी काही सांगत नाही. ही गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास आहे आणि इंजिन पुढे असल्यामुळे त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो. फोटो मी काढून टाकलाय. त्या जागी दुसऱ्या दिवशीचा लावलाय: कोब्यावर दोन घोड्या, खाली प्लायचे तुकडे, मागच्या चाकांना दोन्ही अंगांनी लाकडी ठोकळे आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलेलं. तुम्ही बोललात म्हणून हे झालं, त्याबद्दल मनापासून आभार.

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र मी थोडा वेगळा विचार करतो.

800 ला पुढे स्ट्रट आहे. शॉकअब्सॉर्बरच्या नळकांड्यावर स्प्रिंग बसवलेली असते, खाली त्याचीच थाळी आणि वर माउंटिंग. ती दाबलेली स्प्रिंग धरून ठेवतो तो शॉकच्या दांड्यावरचा मधला नट. तो नट स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) न लावता सैल केला की तुम्ही म्हणता ते घडतं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण लोअर आर्म, म्हणजे चाकाची खालची बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा, काढताना त्या नटाला हात लागतच नाही. चाक लोंबकळलं की स्ट्रट पूर्ण लांब होतो आणि स्प्रिंग तिच्या दोन थाळ्यांमध्येच अडकून राहते. जुन्या पद्मिनीसारख्या दोन विशबोनच्या (वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाड्यांत गोष्ट निराळी आहे. तिथे स्प्रिंग आर्मवरच टेकलेली असते, आर्म सोडला की ती मोकळी होते. तुमची भीती बहुधा त्या गाड्यांवर काम करताना बसलेली असावी, आणि त्या गाड्यांसाठी ती शंभर टक्के खरी आहे.

800 मध्ये जोर दडलेला असतो तो दुसरीकडे, स्टॅबिलायझर बारमध्ये, म्हणजे पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्यात. हे मी लेखात एका ओळीत उरकलं होतं, ते इथे सविस्तर लिहितो. या गाडीत बारचं टोक थेट लोअर आर्ममधून आरपार जातं. म्हणजे बार फक्त वळणावर गाडी कलू नये म्हणून नाही, चाकाला पुढे-मागे सरकू न देण्याचं कामही तोच करतो. एकच चाक उचललं तर बारला पीळ बसतो आणि टोकाचा नट सुटताच आर्म झटका देऊन बाजूला जातो. बोटं त्याच्या वाटेत असली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दोन्ही पुढची चाकं सारख्या उंचीवर उचलायची, मग बार निवांत होतो. हे मला घोड्यांवर गाडी घेऊन, बार हाताने हलवून बघितल्यावर समजलं. एका बाजूला घट्ट बसलेला बार दुसरी बाजू वर घेताच सैल पडला.

आता मुळात हे काम अंगावर का घेतलं, ते. 2023 च्या पावसाळ्यानंतर ब्रेक दाबला की डावीकडून ‘खट्’ असा एकच आवाज यायचा. ब्रेक सोडून गाडी पुढे घेतली की पुन्हा एकदा ‘खट्’. गॅरेजमध्ये दाखवलं, त्यांनी पुढचे दोन्ही शॉक बदलले. आवाज तसाच. पुन्हा नेली, तेव्हा ‘गाडी जुनी झाली, एवढा आवाज येणारच’ असं ऐकून परत आलो. त्या मिस्त्रींबद्दल माझ्या मनात अढी नाही. दारात सहा गाड्या उभ्या असताना एका 800 ला दीड तास बघत बसायला कोणाला वेळ आहे? पण मला होता. शॉक गेला असेल तर गाडी गतिरोधकावरून उतरल्यावर डुलत राहते. आमची डुलत नव्हती. आवाज खड्ड्यात येत नव्हता, ब्रेकला येत होता. म्हणजे काहीतरी वर-खाली नाही, पुढे-मागे सरकत होतं.

मग एका रविवारी भावाला आत बसवलं, गाडी न्यूट्रलला. मी बाजूने हळू ढकलायचो, तो ब्रेक दाबायचा, आणि माझी नजर चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीवर. दुसऱ्याच खेपेला दिसलं. डावं चाक ब्रेक लागताच अर्धा सेंटिमीटरभर मागे गेलं. ‘खट्’. उजवं जागचं हललं नाही. इतके महिने ऐकत आलेलो तो आवाज त्या दिवशी डोळ्यांनी बघितला.

मग तीच बाजू खोलायला घेतली. बारच्या टोकाचा नट गंजाने एकजीव झाला होता. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल सोडलं, तारेच्या ब्रशने आटे घासले, स्प्लिट पिन आतच तुटली ती ड्रिल मारून काढली. वॉशर निघाले तेव्हा मधलं रबर पिळलेल्या लिंबाच्या सालीसारखं हातात आलं. पण खरं बघण्यासारखं होतं ते बॉल जॉइंटला, म्हणजे आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्याला. त्याच्या रबरी बुटाला नखाएवढी चीर होती. बूट उलटा केला तर ग्रीसच्या जागी विटकरी रंगाचा गाळ. दोन बोटांत चोळला तर कचकच लागली. हा गाळ कुठला, ते चिपळूणच्या माणसाला सांगावं लागत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा ही गाडी बॉनेटच्या वरपर्यंत बुडालेली होती. इंजिन, गिअरबॉक्स, सीटा, वायरिंग सगळं आम्ही धुऊन-पुसून घेतलं होतं. एका रबरी टोपीच्या आत पूर तसाच राहून गेला होता. बाहेरून बघितलं तर बूट जागेवर, जॉइंट ठीक. खोलल्याशिवाय हे कोणालाच दिसलं नसतं. ज्यांच्या गाड्या कधी पुराच्या पाण्यात उभ्या होत्या त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, दोन-तीन वर्षं झाली असली तरी हे बूट एकदा दाबून बघा. बॉल जॉइंट चालत्या गाडीत निसटला तर चाक आडवं पडतं.

म्हणून डावा आर्म बॉल जॉइंट आणि बुशसकट (आर्मच्या आतल्या टोकाचा रबरी सांधा) अख्खा नवा घातला. उजव्याचा जॉइंट शाबूत होता, त्याचा फक्त बुश बदलायचा होता. तो मी घरी हातोड्याने ठोकला नाही. आर्म पिशवीत घालून वर्कशॉपला नेला, प्रेसवर दहा मिनिटांत काम झालं. स्ट्रटच्या माउंटिंगचंही पुढे तेच केलं. स्ट्रट अख्खा उतरवला, स्प्रिंग त्यांच्या कॉम्प्रेसरवर त्यांनीच खोलली. माझी रेघ तिथे आहे, आणि लेखात ती ठळक दिसायला हवी होती हे मान्य. घरी करणं म्हणजे सगळंच घरी करणं नाही.

एक गोष्ट मात्र मी गॅरेजमध्ये फार वेळा चुकलेली बघितली आहे, तुमच्याकडे ती नीट होत असेलच. बुशचा बोल्ट चाक लोंबकळत असतानाच पूर्ण आवळतात. त्या बुशमध्ये रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लोंबत्या चाकावर आवळलं की तीच त्याची मूळ जागा ठरते, आणि गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष लोकल मालाला जातो. मी बोल्ट हलके लावले, गाडी चाकांवर घेतली, पुढून चार-पाच वेळा दाबून हलवली आणि मग टॉर्क रेंच मॅन्युअलमधल्या आकड्यावर ठेवून शेवटचं आवळलं. याला वेळ लागतो, कारण चाकांवर उभ्या गाडीखाली हात जेमतेम पोचतो. मी दोन्ही बाजूंना जाड फळ्यांचे थर लावून चाकं त्यावर चढवली.

टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं टोक) काढताना मोजून साडेसतरा आटे फिरवले आणि नवा तेवढेच आटे आत घेतला. याला मी अलाइनमेंट म्हणत नाही. गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जावी एवढाच त्याचा उपयोग. तीसच्या वर न नेता दुसऱ्याच दिवशी मशीनवर घेतली, तेव्हा टो (पुढची चाकं एकमेकांच्या मानाने किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) बाहेरच निघाला.

मिस्त्रींच्या पोटाचं. प्रेस, कॉम्प्रेसर, अलाइनमेंट, तीनही ठिकाणी मी पैसे देऊन काम करून घेतलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जो माणूस एकदा स्वतः गंजलेला नट सोडवतो तो पुढच्या वेळी मिस्त्रीशी मजुरीवरून घासाघीस करत नाही. माझ्याकडून तरी आता होणार नाही.

आणि भंगार. 2014, 2019, 2024 असं तीनदा आरटीओत पासिंग झालं, पर्यावरण कर भरला, गाडी दरवेळी तपासणीत उतरली. 1983 ते 2014 या काळात 25 लाखांहून जास्त 800 बनल्या, त्यामुळे हिचे भाग अजून तालुक्याच्या दुकानात मिळतात. हे झालं हिशेबाचं. बाकीचं असं, की पूर ओसरल्यावर आमच्या आळीतून एका आठवड्यात किती गाड्या क्रेनवर चढल्या ते मी बघितलंय. बाबा रोज सकाळी बादली घेऊन हिच्या आतला गाळ काढायचे. ते तेव्हा सत्तरीचे होते. ती गाडी मी एका बुशपायी देणार नाही. पत्रा कुजला, चॅसिस कुजली तर देईन, तिथे हट्ट धरणार नाही.

आता तुम्हालाच एक विचारायचंय. डाव्या बाजूला बारचं टोक, जिथे वॉशर बसतो तिथे, गंजाने आणि इतक्या दिवसांच्या घासण्याने बारीक झालंय, बोट फिरवलं तर खाच लागते. नवा बुश सध्या घट्ट बसलाय, पण त्या खाचेवर तो फार टिकेल असं वाटत नाही. एकाने वेल्डिंगने भरून लेथवर टर्निंग करून घ्या असं सुचवलं. मला ते पटत नाही. हा स्प्रिंगचा पोलाद आहे, तापवला तर तिथेच तडकायचा, आणि चाक पुढे-मागे धरणारा तोच एक भाग. नवा बार मागवलाय, पण कधी येईल याची खात्री दुकानदार देत नाही. तोवर दुसऱ्या 800 चा, पुरात न बुडालेला, जुना बार घालावा का? घ्यायचा झाला तर तो कुठे वाकलाय की नाही हे तुम्ही कसं तपासता? तुमच्या हाताखालून कितीतरी 800 गेल्या असतील. उत्तर इथेच लिहिलंत तर बाकीच्यांनाही वाचता येईल. तोपर्यंत गाडी गावातल्या गावातच चालवतोय, कुंभार्ली घाटात नेत नाही.