सिगारचे दर्दी कसे व्हावे

सिगारमधलं आपल्याला कळतं असं चारचौघांत मानलं जावं, अशी इच्छा असेल तर एक पथ्य पहिल्यापासून पाळा. ‘आवडली का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर चुकूनही देऊ नका. आवडनिवड नवशिक्यांना असते. जाणकार धूर तोंडात घोळवतो, डोळे बारीक करतो, छताकडे बघतो आणि म्हणतो, “अजून खुलली नाहीये.” काय खुलायचं राहिलंय, हे कुणी विचारत नाही. विचारणारा तिथल्या तिथे अडाणी ठरतो.

खरेदीला जाण्यापूर्वी मापं पाठ करा. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ५० रिंग गेज म्हणजे पन्नास चौसष्टांश इंच, साधारण २० मिलिमीटर. मिलिमीटर म्हटलं असतं तर कुणालाही कळलं असतं, मग दर्दी कशाला लागले असते? पाच इंच लांब आणि ५० जाड असली की रोबुस्टो, सात इंच आणि ४७ असली की चर्चिल. “आज रोबुस्टोच बघू, चर्चिलला बसायला वेळ नाही,” एवढं म्हटलंत की विक्रेता आदराने बघू लागतो. नंतर बिलही तितक्याच आदराने करतो. मधल्या वेळात एक सिगार कानाशी धरून दोन बोटांत हलकेच फिरवायची. करकर आवाज आला तर ‘कोरडी पडलीये’ म्हणायचं, नाही आला तर ‘छान सांभाळलीये’. काहीच कळलं नाही तरी कान तिथेच ठेवायचा आणि मान हलवायची.

आतल्या पानांविषयी दोन वाक्यं तयार असू द्या. बाहेरचं देखणं पान म्हणजे रॅपर, त्याखाली बाइंडर, पोटात फिलर. फिलरमध्ये झाडाच्या खालच्या अंगाचं व्होलादो नीट जळण्यासाठी, मधलं सेको सुवासासाठी आणि शेंड्याकडचं लिगेरो कडकपणासाठी. लिगेरो ऊन खाऊन जाड झालेलं असतं आणि सावकाश जळतं, म्हणून वळणारा कामगार ते बरोबर मधोमध बसवतो. या सगळ्या व्यवहारात खरं कसब कुठे असेल तर ते त्याच्या बोटांत. बँडवर, म्हणजे सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवर, मात्र त्याचं नाव नसतं. क्युबातल्या कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा आहे: कामगार सिगारी वळत असताना एक वाचक उंचावर बसून त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणजे तुमची सिगार वळणाऱ्याच्या कानांवरून जेवढं साहित्य गेलेलं असतं, तेवढं तुमच्या डोळ्यांखालून जाण्याची शक्यता कमीच. पण हा विषय बैठकीत वाढवू नका, मूड जातो.

बोलायचंच असेल तर क्युबाबद्दल बोला. पिनार देल रियो प्रांतातल्या, तंबाखूसाठी नावाजलेल्या व्हुएल्ता आबाहो भागाचं नाव घ्या आणि उच्चारताना किंचित थांबा. मग केनेडींची गोष्ट सांगा. १९६२ च्या फेब्रुवारीत क्युबाच्या मालावर बंदी घालण्यापूर्वी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांना बोलावून हजारभर क्युबन सिगारी गोळा करायला सांगितल्या. सॅलिंजरांनी रातोरात १२०० मिळवल्या. सकाळी तो आकडा कानावर पडला, आणि मग राष्ट्राध्यक्षांनी हुकुमावर सही केली. ही हकीकत सॅलिंजरांनीच पुढे सांगितली. तेव्हापासून क्युबन सिगारला जी चव आली आहे ती कुठल्याच मातीत पिकत नाही. क्रांतीनंतर तिथले कसबी लोक बाहेर पडून निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक इथे गेले आणि तिथल्या सिगारीही तोडीस तोड होऊ लागल्या, हे तुम्हाला माहीत असलं तरी मनात ठेवा. सहज मिळणारी गोष्ट कितीही चांगली असली तरी तिच्यासाठी हळहळता येत नाही. आणि हो, कोहिबा या क्युबन सिगारचा विषय निघाला तर ती आधी खास फिडेल कॅस्ट्रोंसाठी वळली जायची हे जरूर सांगा. त्याच कॅस्ट्रोंनी १९८५ मध्ये सिगार सोडली, हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नका.

आता सिगार ठेवायची कुठे? शर्टाच्या खिशात ठेवणारी माणसं असतात, त्यांच्याशी उठबस कमी करा. सिगारला ह्युमिडॉर लागतो. ही पेटी स्पॅनिश सिडारच्या लाकडाची असावी. हे झाड स्पेनचं नाही आणि सिडारही नाही. ते अमेरिका खंडातलं, महोगनीच्या कुळातलं. पण एवढ्या बारकाईने बघायला लागलात तर सिगारचं बाकीचंही काही शिल्लक राहणार नाही. पेटीत आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश हवं. लक्ष ठेवायला आत आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर बसवतात. हायग्रोमीटरवर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून त्याची परीक्षा घेतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ते भिजेल पण विरघळणार नाही इतकंच पाणी घालायचं, आणि झाकण व यंत्र एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठाजवळची कोंडलेली हवा ७५ टक्के दमट असते, म्हणून सकाळी काटा ७५ वर हवा. ७१ वर असला तर यापुढे आयुष्यभर मनातल्या मनात चार मिळवत जायचं. घरात कुणाला ताप आला तर थर्मामीटर सापडत नाही, पण या पेटीतली हवा किती दमट आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

एवढं करूनही पारा चढला की पेटीत तंबाखूचा भुंगा अवतरतो. तांबूस, दोन-तीन मिलिमीटरचा. त्याची अंडी पानात आधीच असतात, उष्णता मिळाली की फुटतात. मग उंची रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसू लागतात आणि पेटीच्या तळाशी पिवळट भुकटी साठते. निकोटिन हे तंबाखूच्या झाडाने किड्यांना मारण्यासाठीच बनवलेलं विष आहे. त्यावर पोसणारा हा प्राणी बँड बघत नाही, प्रांत विचारत नाही, कुणाचं मत घेत नाही. पुढ्यात येईल ती सिगार खातो आणि तिच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. या क्षेत्रातला एवढा निःस्पृह समीक्षक दुसरा नाही, आणि म्हणूनच त्याला फ्रीजरमध्ये घालून मारतात.

कापणं फार मनावर घेऊ नका. टोपीचं, म्हणजे तोंडात धरायच्या बाजूचं, टोक एका झटक्यात, अगदी थोडं छाटायचं. जास्त कापलं तर रॅपर उलगडत जातं, अशा वेळी ‘वळण्यातच दोष आहे’ म्हणायचं. पेटवणं मात्र सोहळ्याने करा. पेट्रोलचा लायटर नको, मेणबत्ती नको. परका वास लागतो. ज्या धुराने पडद्यांना आठवडाभर वास राहणार आहे, त्या धुराला दुसरा वास लागू नये याची काळजी आपणच घ्यायची. ज्योत टोकाला भिडवायची नाही, खाली लांब धरून सिगार फिरवत राहायची. आधी कडा काळवंडते, मग करडी होते, मग एका बाजूने नारिंगी रेघ सरकत पूर्ण वर्तुळ होतं. खरं सांगायचं तर हे दृश्य सुंदर असतं. दुर्दैवाने यानंतर ती तोंडात धरावी लागते.

झुरका मिनिटाला एक. भराभर ओढलीत तर तापून कडू होते, रेंगाळलात तर विझते, आणि या दोन्हींच्या मधली लय तुमच्यात उपजत आहे असं दाखवताना घड्याळाकडे बघायचं नसतं. राख झटकू नका. अख्ख्या लांब पानांचा फिलर असला की राख बराच वेळ धरून राहते, त्यामुळे लांब राख ही खानदानीपणाची खूण समजतात. इंचभर राख सांभाळत बसलेला माणूस मान वळवत नाही, हसत नाही, हातवारे करत नाही. बघणाऱ्याला तो चिंतनात बुडालेला वाटतो. ती शेवटी मांडीवर पडते तेव्हा खाली न बघता बोलणं चालू ठेवा.

आता मुख्य विषय, चव. सिगारचे तीन भाग कल्पायचे आणि प्रत्येक भागात वेगळं काहीतरी सापडलं पाहिजे. पहिल्यापासून शेवटपर्यंत धूरच लागला असं म्हणणाऱ्यासाठी ही वाट नाही. चवींची नावं घेताना एक लाकूड घ्या, एक स्वयंपाकघरातला जिन्नस घ्या आणि एक अशी वस्तू घ्या जी कुठल्याही शहाण्या माणसाने तोंडात घातलेली नसते. सिडार, मिरी आणि चामडं. देवदार, कोको आणि ओली माती. ही तिसरी वस्तू सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावरच तुमची पत ठरते. दोन दर्दी समोरासमोर बसले की कसं चालतं बघा.

“चामडं येतंय.”

“हो, पण जुनं.”

“खोगिराचं.”

“पावसात भिजलेल्या खोगिराचं.”

यापुढे बोलणं शक्य नसतं, म्हणून दोघं काही वेळ गंभीर होतात. गोठ्याचा वास येतो असंही म्हणतात, आणि तो दोष नव्हे तर कौतुक असतं. त्याला थोडा आधार आहे हे मान्य करू. तंबाखूची पानं ओलसर ढीग रचून आंबवतात, ढीग आतून तापतो आणि त्यातून अमोनिया निघून जातो. घाईने उरकलेल्या मालात तो थोडा मागे राहतो. मग गोठ्याची आठवण येणारच. नाकातून धूर सोडण्याची एक विद्या आहे, तिने म्हणे बारीक छटा उलगडतात. आधी डोळ्यांतून पाणी येतं, छटा त्यानंतर. मात्र बँड काढून, डोळे बांधून चाखण्याच्या फंदात पडू नका. त्यात भल्याभल्यांची मैत्री तुटेल.

दुसऱ्या भागात कपाळावर गार घाम आला, तोंडाला पाणी सुटलं आणि समोरची भिंत हळूच डावीकडे सरकू लागली, तर तो छटांचा परिणाम नाही. सिगारचा धूर फुप्फुसात घेत नाहीत, पण तो अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात शिरतं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. अशा वेळी खुर्चीचा हात घट्ट धरायचा आणि शांत आवाजात म्हणायचं, “ताकद आहे हिच्यात.” चिमूटभर साखर तोंडात टाकली तर बरं वाटतं, असं जुने लोक सांगतात. बाथरूम कुठे आहे ते सुरुवातीलाच विचारून ठेवा, तेव्हा सहज विचारता येतं.

कुणीतरी कॅन्सरचं नाव काढेलच. “आम्ही धूर आत घेत नाही,” हे उत्तर तयार ठेवा. आत म्हणजे फुप्फुसात. तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका हे सगळं तुमच्या हिशेबी बाहेर आलं. हे कॅन्सर सिगारने होतात, आणि फुप्फुसाचाही होतो, पण तो मुद्दा समोरच्याने काढायच्या आत उदाहरण द्या. उदाहरण नेहमी चर्चिलचं द्यायचं: सिगार सुटली नाही आणि ९० वर्षं जगले. जनरल ग्रँटचं देऊ नका. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका विजयानंतर कौतुकाने लोकांनी त्यांच्याकडे हजारो सिगारी पाठवल्या, आणि १८८५ मध्ये ते घशाच्या कॅन्सरने गेले. फ्रॉइडचं तर नावही नको. १९२३ मध्ये तोंडाचा कॅन्सर निघाला, तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, जबड्यात कृत्रिम भाग बसवावा लागला, आणि तरीही सिगार चालूच होती. माणसाच्या मनातलं सगळं ओळखणाऱ्याची ही गत, तिथे तुमचं-आमचं काय, असं समोरचा म्हणाला तर विषय पुन्हा खोगिरावर न्या.

शेवटच्या भागात सिगार तापते, डांबरासारखी लागते आणि बोटांना चटका बसू लागतो. इथे थांबलं तरी चालतं. चुरडून विझवू नका, तशीच ठेवा, आपली आपण विझते. चुरडली की घाण वास सुटतो म्हणतात. आतापर्यंत सुटत होता तो कसला, हे खोलीतल्या इतरांना विचारत बसू नका.

घरी जाऊन दात घासा, चूळ भरा, पुन्हा दात घासा. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना पहिल्या घासाला तीच चव आली तर घाबरायचं कारण नाही. चव टिकून राहणं हा मोठा गुण मानतात. सिगारला शंभरपैकी गुण द्यायची पद्धत आहे, तेव्हा वहीत तारीख घालून तो आकडा लिहून ठेवा. ९० च्या खाली मात्र उतरू नका. एवढे पैसे घालून, दीड तास घालवून तुम्ही ८४ ची सिगार ओढलीत, असं उद्या कुणी वाचलं तर बरं दिसणार नाही.