रॅम ‘सूट’ होत नाही म्हणून परत पाठवण्याआधी

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नवीन जोडलेल्या कॉम्प्युटरला डिस्प्ले येत नसेल तर रॅम बोर्डाला (मदरबोर्डाला) सूट होत नाही, लगेच बदलून घ्या. बोर्डाच्या यादीत नसलेली रॅम चालतच नाही. स्पीड कमी दिसला तर माल डुप्लिकेट. जुनी आणि नवी रॅम एकत्र लावली तर बोर्ड जळतो. आणि आपल्या उन्हात जास्त स्पीडची रॅम टिकत नाही.

हे वाचून सेवा केंद्र चालवणारी पोरं धडधाकट रॅम परत करतात, याचं मला वाईट वाटतं. आर्वी किंवा चिमूरच्या आतल्या गावात कुरिअरवाला परतीचा माल घ्यायला वेळेवर येत नाही. दुकानातून घेतली असेल तर एसटीनं नागपूर नाहीतर अमरावती गाठा, त्यात दिवस मोडतो. पीक विम्याच्या गर्दीत मशीन बंद राहिली तर गिऱ्हाईक दुसऱ्या केंद्रावर जातं ते जातंच. आणि बदलून आणलेली रॅमही बहुतेकदा तशीच काळी स्क्रीन दाखवते, कारण दोष रॅममध्ये नसतोच.

पहिला दावा सगळ्यात महागात पडतो. “पंखे फिरून राहिले, पण डिस्प्ले नाही येऊन राहिला” ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, रॅम डीडीआर५ आहे का? डीडीआर५ म्हणजे रॅमची नवी पिढी, डीडीआर४ तिच्या आधीची. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, प्रत्येक सिग्नलची वेळ स्वतः मोजून ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते आणि बोर्डावरचा ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पेटलेला असतो. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर हे विशेष जाणवतं. काही मिनिटं लागतात, रॅमच्या चार स्टिक असतील तर आणखी जास्त. बिघाड समजून कुणी मधेच बटण दाबून बंद केलं, किंवा लाइटच गेली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून पहिली सुरुवात यूपीएसवरच करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका.

डीडीआर४ला इतका वेळ लागत नाही. तिथे दोन-तीन मिनिटांत काही दिसलं नाही तर रॅम कुठे आणि कशी बसवली ते बघा. चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात, मॅन्युअलमध्ये ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. एकच स्टिक असेल तर ती ए२मध्ये. बऱ्याच बोर्डांना क्लिप एकाच बाजूला असते, मग दुसरी बाजू अर्धवट बसलेली लक्षात येत नाही. दोन्ही टोकांवर नीट जोर द्या. खोडरबरानं पुसल्यावर चालू झालं असं सांगणारे खूप भेटतात. नव्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुसण्यासारखं काही नसतं. काढून पुन्हा नीट बसवली, म्हणून ती चालली.

मॉनिटरची केबलही बघा. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० या प्रोसेसरांत ग्राफिक्स नाही. केबल बोर्डाला लावली तर जगातली कुठलीही रॅम डिस्प्ले आणणार नाही, ती ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते. प्रोसेसर नवा आणि बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तरीही हेच दिसतं.

यादीचं म्हणाल तर, ती कंपनीनं तपासून पाहिलेल्या रॅमची यादी आहे. बाजारातली प्रत्येक स्टिक कुणी तपासत नाही. चार स्टिक किंवा फार वरचा स्पीड हवा असेल तर यादी जरूर बघा. एरवी यादीबाहेरची साधी रॅम बहुधा बिनतक्रार चालते.

खरोखर न चालणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्या पैसे देण्याआधी कळतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बी६६०सारखे बोर्ड दोन्ही प्रकारांत आले, तेव्हा बोर्डाचं पूर्ण नाव वाचूनच रॅम घ्या. दुसरी फसगत सर्व्हरच्या जुन्या रॅमची. ऑनलाइन ती खूप स्वस्त दिसते. डीडीआर४ची असेल तर साध्या डेस्कटॉपमध्ये बसतेसुद्धा, पण मशीन सुरू होत नाही. लेबलवर ‘पीसी४-२४००टी’ अशा नंबरापुढे ‘आर’ असेल तर ती घेऊ नका, डेस्कटॉपच्या रॅमवर तिथे ‘यू’ असतो.

स्पीड कमी दिसण्यावरून दुकानदाराशी भांडणं होतात, ती तर टाळायलाच हवीत. डब्यावर ३२०० लिहिलेली रॅम कित्येकदा २१३३ किंवा २६६६ वर सुरू होते, कारण डब्यावरचा आकडा बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमच्या वरच्या स्पीडचं तयार सेटिंग) चालू केल्यावर मिळतो. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर त्याच कामाला एक्सपो आहे. आय५-१०४०० आणि एच४१० बोर्ड असेल तर २६६६च्या वर जाणारच नाही, ती त्या जोडीची मर्यादा. मशीनची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर १६०० दाखवतं तेही बरोबर आहे: डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा नेते, म्हणून १६०० दुणे ३२००.

जुनी-नवी रॅम एकत्र लावल्यानं बोर्ड जळत नाही. दोन्ही मिळून हळू असणारीच्या स्पीडवर चालतात. एक्सएमपी चालू केल्यावर मात्र अशी जोडी अडू शकते. तसं झालं तर मशीनचा प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल काही मिनिटं बाजूला ठेवा, सेटिंग मूळ जागी येतं. मग एक्सएमपीशिवाय चालवा.

राहिलं ऊन. डीडीआर४च्या चिपा ८५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेल्या असतात, अकोल्या-चंद्रपूरचे ४५-४६ अंश हवेचे आहेत. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये कापसाची तूस आणि धूळ साचून पंखा अडला तर गोष्ट वेगळी, आणि एक्सएमपीवर ताणून चालवलेली रॅम मे महिन्याच्या दुपारी चुका करू शकते. स्पीड एक पायरी खाली आणून बघा.

चूक रॅमचीच आहे का, हे पेनड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६+ सांगतं. ते फुकट आहे. एक्सएमपी बंद ठेवा, एकेक स्टिक ए२मध्ये लावून रात्रभर चालू द्या. एकाच स्टिकला पुन्हा पुन्हा लाल ओळी आल्या आणि दुसरीला आल्या नाहीत, तर त्या स्क्रीनचा फोटो काढा, बिल जोडा आणि वॉरंटीत बिनदिक्कत बदलून मागा. दोन स्टिकचा जोड घेतला असेल तर दोन्ही पाठवा.