आधी विचारायचं होतंत ना!

सातशे रुपये घेऊन एका कॉम्प्युटरवाल्याने माझ्या बाबांचं तेरा वर्षांचं काम पुसून टाकलं. पावती अजून माझ्याकडे आहे: 'फॉरमॅट + विंडोज'. तीन आठवडे होऊन गेले तरी ती पावती दिसली की डोक्यात तिडीक जाते.

बाबा निवृत्त शिक्षक. २०१२ पासून ते आमच्या तालुक्यातल्या शेतांची नावं गोळा करत होते. चोपणातलं, वडाची पट्टी, म्हातारीचं वावर, अशी. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो, पण आमच्याकडे तो बहुतेक कोराच. म्हणून एसटीने गावोगाव फिरायचं, पारावर बसून म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, आणि घरी येऊन टाइप करायचं. एकतीस गावं झाली होती. ज्यांनी नावं सांगितली त्यातली निम्मी माणसं आज हयात नाहीत. हे सगळं कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि स्क्रीनवर सूचना येऊ लागल्या. बाबा घाबरले. मशीन २०१४ चं, चौथ्या पिढीचा आय-थ्री, त्यात स्लोही झालेलं. मला फोन करण्याआधीच रिक्षात घालून बाजारातल्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने पॉवर ऑन करून जेमतेम मिनिटभर बघितलं आणि सांगितलं, "काका, फॉरमॅट मारावा लागेल. संध्याकाळी या."

यात काय ठेवायचंय, एवढं त्याने विचारलं नाही. डी ड्राइव्ह उघडूनही पाहिला नाही. जुनी सगळी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, उडवली, अख्ख्या ५०० जीबीचं एकच सी केलं आणि विंडोज टाकलं. कुठलं? तर परत विंडोज १० च! विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तेव्हा या मशीनवर ते रीतसर बसणारच नव्हतं. म्हणजे ज्या सूचनेला घाबरून बाबा तिथे गेले, ती जागच्या जागी राहिली. घालवलं फक्त बाबांचं काम.

संध्याकाळी बाबांचा फोन. "अगं, डी ड्राइव्ह दिसत नाहीये. कुठे क्लिक करायचं?"

काय सांगू मी त्यांना?

आणि हे विंडोजच्या होम आवृत्तीचं अस्सल मशीन होतं हो. त्यावर विंडोज १० एकदा रीतसर चालू झालं होतं, म्हणजे परवाना त्या मदरबोर्डच्या नावावर नोंदलेला. परत होमच टाकायचं, प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' निवडायचं, नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. एक पैसा लागत नाही. या माणसाने त्याच्या पेन ड्राइव्हमधलं चोरीचं विंडोज प्रो टाकलं, त्यावर ते अस्सल भासवणारा ॲक्टिव्हेटर चालवला आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवला. त्याच मशीनवर बाबा पेन्शनचं खातं बघतात. मी ब्राउझर उघडला तेव्हा होमपेज भलत्याच कुठल्यातरी साइटचं होतं.

स्लो का होतं, ते तरी बघायचं? टास्क मॅनेजर उघडला असता तर डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली असती. डिस्कची तब्येत सांगणारं 'स्मार्ट' रीडिंग बघायला दोन मिनिटं लागतात. मी बघितलं, खराब सेक्टर आधीच निघालेले. ती डिस्क मरायला टेकली होती. अशा डिस्कवरचा डेटा आधी काढून घ्यायचा असतो आणि मग मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, टाकायची असते. त्याने मरणाऱ्या डिस्कवरच वीस-पंचवीस जीबी नवं लिहून ठेवलं.

मी डिस्क काढून आणली. फॉरमॅट झालं म्हणजे सगळं गेलं असं लगेच होत नाही. क्विक फॉरमॅट फक्त यादी कोरी करतो, फाइल जिथल्या तिथे पडून असते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून असं काही झालं की पहिल्या क्षणी मशीन बंद करायचं. हे बाबांना कोण सांगणार? फोनवर मी "बंद करा" म्हणेपर्यंत त्यांनी दोन तास शोधाशोध केली होती. डिस्कची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायला रात्र गेली, मग तिच्यावर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्याने फाइली काढल्या, पण नावं नाहीत. एफ आणि पुढे लांबलचक आकडा, अशा शेकडो.

पहिली उघडली. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण, टक्केवारीची खूण, सगळा काला. बाबांनी २०१२ मध्ये डीटीपीवाल्याकडून घेतलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं, युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसणाऱ्या पद्धतीच्या, बाहेरचं. फॉन्ट होता सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरमध्ये, तोही पुसलेला. कोणत्या फोल्डरमध्ये कसला फॉन्ट आहे हे बघण्याइतकी फुरसत त्या दुकानात कुणाला आहे! दोन दिवस ओळखीच्या प्रेसमध्ये विचारत फिरले तेव्हा तो मिळाला. बसवला आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'म्हातारीचं वावर. सांगणार...' आणि पुढे फाइल तुटलेली. सांगणाऱ्याचं नाव गेलं. बाबांना आठवत नाहीये.

एकोणीस गावं मिळाली. बारा गेली.

मी दुकानात गेले. तो म्हणतो, "मॅडम, बॅकअप कस्टमरने घ्यायचा असतो." कस्टमर त्र्याहत्तर वर्षांचा आहे! बॅकअप हा शब्द तुम्ही उच्चारला का त्यांच्यासमोर? लाँड्रीवालासुद्धा धुण्याआधी खिसे तपासतो. आणि वर म्हणाला, "जुनी हार्ड डिस्क द्या, नव्या एसएसडीत पाचशे कमी करतो."

देते बरं! त्याच डिस्कवरून मला बाबांच्या पॅनकार्डाचं स्कॅन मिळालं, पासबुकाची पानं मिळाली, आईच्या ऑपरेशनचे कागद मिळाले. फुकटच्या सॉफ्टवेअरने, घरी बसून, एका रात्रीत. राखायचं ते हे लोक घालवतात, घालवायचं ते तसंच ठेवून डिस्क काउंटरखालच्या खोक्यात टाकतात, आणि ती पुढे कुणाच्या मशीनमध्ये जाते ते कोणी विचारत नाही. विंडोजमधल्या डिस्कपार्ट या साधनात नुसतं 'क्लीन' दिलं तर फक्त पार्टिशनची नोंद जाते, डेटा तसाच राहतो. 'क्लीन ऑल' दिलं तर प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. त्याला काही तास लागतात, आणि तेवढा वेळ हे देत नाहीत. एसएसडीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा खरोखर रिकामी करणारी सोय, चालू असते, चुकून फॉरमॅट झाला तर फाइल परत मिळण्याची आशा जवळपास नसतेच. बाबांचं जे मिळालं ते डिस्क जुनी फिरती होती म्हणून.

मशीनला आता २४० जीबीची एसएसडी घातली आहे, त्यावर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट टाकलं आहे. युनिकोडमध्ये मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड बाबा शिकताहेत. मिळालेल्या फाइली युनिकोडमध्ये बदलून तीन ठिकाणी ठेवल्यात. जुनी डिस्क कपाटात आहे, ती मी कुणालाही देणार नाही.

काल सकाळी खालच्या मजल्यावरचे काका सीपीयू कापडात गुंडाळून निघाले होते, त्याच दुकानाकडे. मी त्यांना जिन्यातच अडवलं. म्हटलं, "काका, आधी वर चला. त्यात काय काय आहे ते मला दाखवा."