पोरं घरी शिकवतो, गल्ली सोडून नाही

राजर्षी शाहूंच्या गावात राहून पोरं शाळेत घालत नाही म्हणजे काय, हा प्रश्न मला मंडईतल्या मावशींपासून चर्चच्या कमिटीतल्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. प्रश्न रास्त आहे. महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जे आईबाप पोराला शाळेत धाडणार नाहीत त्यांना महिना एक रुपया दंड लावला. तो कायदा आज असता तर आमच्या घरावर चांगलीच थकबाकी निघाली असती.

आजचा कायदा मऊ आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं त्याच्या दहाव्या कलमात म्हटलंय. पण नाही घातलं तर पालकाचं काय करायचं, यावर कायदा गप्प. भावकीतल्या एका वकील दादांना विचारलं तर म्हणाले, "ताई, कोण विचारत नाही तोवर गप बस की." मी काय गप बसणाऱ्यातली नाही, म्हणून ही पोस्ट.

आधी एक गैरसमज काढते. ख्रिस्ती माणसानं पोरं घरी शिकवली की लोकांना वाटतं, धर्मापायी काढली शाळेतून. आमच्या घरी तसं नव्हतं. थोरलीचं वाचन अडलं होतं. वर्गात साठावर पोरं, बाईंनी तरी किती जणांकडे बघायचं? एक वर्ष घरी घेऊन बघू म्हटलं, आणि ते वर्ष काही संपलं नाही. प्रार्थना घरात पहिल्यापासून होतीच, पण सकाळी रिक्षावाल्या मामांच्या हॉर्नच्या घाईत तिला जागा नव्हती. आता भाकरी थापून झाल्या की एक भजन, मग पवित्र शास्त्रातला एक उतारा, पाळीपाळीनं, मोठ्यानं. धाकट्याचं वाचन नीतिसूत्रांवर पक्कं झालं, कारण वाक्यं आखूड. 'अरे आळशा, मुंगीकडे जा' हे वचन त्यानं पाठ केलं आणि रविवारी उपासनेच्या आधी लोळत पडलेल्या बापाला ऐकवलं.

जगात कुठेही जा, घरी शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सहावा अध्याय पुढे करतात. देवाच्या आज्ञा लेकरांच्या मनावर बिंबवा. घरी बसलेले असता, वाटेनं चालता, निजता, उठता त्यांविषयी बोलत जा. आमच्यातली बरीच मंडळी 'घरी बसलेले असता' इथंच बसून राहतात. वाटेवर कोण उतरायला तयार नाही.

आमची बरीच शाळा वाटेवरच होते. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरही उंच नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात रोमन वस्तू सापडल्या, त्यातली ही. सातवाहनांच्या काळात आपल्या मुलखाचा रोमशी व्यापार चालायचा, त्याची ही खूण. नेमकं त्याच सुमारास घरी बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचायला घेतलं होतं. पौलाला कैदी म्हणून रोमला नेतात, वादळात जहाज फुटतं, तो भाग. थोरली काचेला नाक लावून उभी. म्हणाली, "मम्मी, पौलाच्या जहाजावरच्या खलाशांनी ह्यालाच हाका मारल्या असतील न्हवं?" मारल्या असतील बाई. इतिहास, भूगोल आणि बायबल एका वाक्यात झालं, आणि वर कोल्हापूरही.

गुऱ्हाळं सुरू झाली की कागलच्या बाजूला ओळखीच्यांकडे जातो. काहिलीत रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मग मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायचं. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळते का बघतो आणि कुठलंही मीटर न लावता सांगतो, "उतरवा." धाकट्यानं त्याला विचारलं, "तुमी कुठल्या शाळंत शिकला?" तो हसून म्हणाला, "बाच्या मागं मागं." पोरगं माझ्याकडे असं बघायला लागलं जणू खटला जिंकला.

आता मुद्द्यावर येते, आणि हे आमच्यातल्याच लोकांसाठी आहे. कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी, गडहिंग्लज या पट्ट्यात माझ्या ओळखीची अशी बोटावर मोजण्याइतकी कुटुंबं आहेत. त्यातल्या काहींनी पोरं काढली ती भीतीनं. शाळेत सरस्वतीपूजन असतं, गणपती बसतो, पोरगं आरती म्हणायला लागलं तर? मग अमेरिकेहून पुस्तकांचा संच मागवला, डॉलरमध्ये पैसे भरले, आणि पोरगं दिवाणखान्यात बसून पेनी, निकेल, डाइम या तिकडच्या नाण्यांची गणितं सोडवतंय. डाइम म्हणजे किती ते त्याला ठाऊक. पावणेदोनशे रुपये नोटा-नाण्यांत मोजून दे म्हटलं तर आईच्या तोंडाकडे बघतंय. नोव्हेंबरात त्यांच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या टर्की पक्ष्याचं चित्र रंगवतंय. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, त्यावर एक ओळ नाही.

ती पुस्तकं वाईट नाहीत, त्यांच्या लोकांसाठी ती चांगलीच आहेत. पण ते भांडण मुळात त्यांचं आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांनी भरवलेली प्रार्थना आणि बायबलवाचन बंद केलं. तिथल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांना वाटलं, शाळा आपली राहिली नाही. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी घरी शिकवण्याची चळवळ उचलून धरली, कोर्टकचेऱ्या केल्या, आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत ते कायदेशीर करून घेतलं. त्यांच्या हातातून काहीतरी गेलं होतं, म्हणून राग होता. आपल्या हातातून काय गेलं? आपण इथे बहुसंख्य कधी होतो? मूठभर लोक आपण, दुसऱ्याच्या दुखण्यावरचं औषध कशाला घ्यायचं?

आणि आरतीचंच म्हणत असाल तर आपल्या घटनेचं अठ्ठाविसावं कलम वाचा. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. एक चिठ्ठी लिहायची आणि बाईंना नीट समजावून सांगायचं. तेवढ्यासाठी पोराची सगळी शाळा बंद करायची गरज नाही.

आमच्या शेजारच्या काकूंकडे गणपती असतो. मोदक उकडून झाले की नैवेद्य दाखवायच्या आधी त्या एका डब्यात थोडे बाजूला काढतात आणि भिंतीवरून हाक मारतात, "घ्या गं, दाखवायच्या आधीचे आहेत." मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल बायबलात करिंथकरांस पत्रात लिहिलंय, पण ते त्यांना कुणी वाचून दाखवलेलं नाही. पहिल्या वर्षी माझ्या सासूबाईंनी अवघडत एकदा सांगितलं असेल, तेवढंच. नाताळात आमच्याकडून करंज्या, शंकरपाळ्या आणि केकचा डबा जातो. त्यांचा चतुर्थीचा उपास असला की केक दुसऱ्या दिवशी जातो. माझ्या पोरांना विश्वास म्हणजे काय, हे मी शिकवते त्यापेक्षा त्या डब्यातून जास्त कळलंय. आपण कोण हे ठाऊक असायचं आणि शेजारीण कोण हेही ठाऊक असायचं. वर्कबुकात याचा धडा कुठे मिळणार?

माझी आजी गावकुसाबाहेरच्या घरातली. मिशनच्या बोर्डिंगात राहून ती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, पास झाली आणि मास्तरीण झाली. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळांचं काम धरलं. त्यांना पाठवणाऱ्या बोस्टनच्या मिशन बोर्डाला शाळांवर एवढा भर नको होता, नुसता प्रचार हवा होता. वायल्डर ऐकेनात, शेवटी वेगळे झाले आणि आपल्या बळावर काम चालवलं. पुढे १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मंडळींकडे गेलं. शाळा नकोत म्हणणारे तेव्हाही चर्चमधलेच होते, एवढं ध्यानात ठेवा. आजी त्या शाळेत गेली, आई पुढे शिकली, मी पदवीधर झाले, म्हणून आज मी ओट्यापाशी उभी राहून पोरीला अपूर्णांक शिकवू शकते. आमचं घरचं शिक्षण त्या शाळेच्या जिवावर चाललंय. शाळेला नावं ठेवणाऱ्या ख्रिस्ती आईबापांचं मला म्हणूनच नवल वाटतं. आणि ज्या बाईची आजी त्या शाळेत पोचली नाही, जी आज दुसऱ्याच्या घरी भांडी घासते, तिनं काय घरी शिकवायचं? तिच्या पोराला शाळाच हवी, आणि चांगली हवी.

लगेच कोणीतरी पंडिता रमाबाईंचं उदाहरण देईल. मला ते आवडतंच. रमाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्रींनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या लक्ष्मीबाईंनी तीर्थयात्रांत वणवण फिरताना लेकीकडून भागवत पाठ करून घेतलं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' ही पदवी दिली. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत काय काढलं? शारदा सदन. विधवांसाठी शाळा. घरी शिकलेली ती बाई आपल्यापुरतं दार लावून बसली नाही.

(दार लावण्यावरून आठवलं. होमस्कूलिंगच्या गप्पांत 'पालक' शिकवतात असं सगळे म्हणतात. मी पाहिलेल्या घरांत शिकवतात त्या आया. बाप मंडळी प्रार्थनासभेत साक्ष देतात की प्रभूनं आम्हाला या मार्गावर आणलं, आणि घरी आल्यावर विचारतात, चहा कुठाय. आमचे मिस्टर गणित घेतात, तेही मी अडून बसले म्हणून.)

महिन्यातून एक-दोन शनिवारी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये जमतो. पाळकसाहेबांनी किल्ली दिली, कमिटीतल्या एकांनी लाइट बिलाचा प्रश्न काढला, पाळकीणबाईंनी सरळ पंखे बंद ठेवून खिडक्या उघडल्या आणि विषय संपला. मोठी पोरं लहानांना वाचून दाखवतात. एक निवृत्त नर्सबाई प्रथमोपचार शिकवतात; पट्टी बांधायला रुग्ण व्हायला सगळे तयार, डॉक्टर व्हायला कोणी नाही. मध्यंतरी एका कुटुंबानं सूचना केली की हॉलमध्ये फक्त 'आपली' पोरं असावीत, बाहेरचं वळण लागायला नको. मी विरोध केला. चर्चमागच्या चाळीतली पोरं कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची ते मी विचारत नाही. ती येतात, सतरंजीवर बसतात, गोष्ट ऐकतात, बिस्किटं खातात. ते कुटुंब आता येत नाही. त्यांच्या पोरीची माझ्या थोरलीशी गट्टी होती, तेवढं मात्र वाईट वाटतं.

परीक्षेचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: दहावीला शाळेत न जाता बसता येतं. आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, नाहीतर मुक्त विद्यालयातून. दोन्हीकडे वयाच्या अटी आहेत, तारखा कडक आहेत, आणि कागद वेळेत जमवावे लागतात. पोराचा जन्मदाखला आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघून ठेवा. आमच्यात अर्ध्या पोरांचं बाप्तिस्म्याचं नाव एक आणि कागदावरचं दुसरं.

आता ताजी बातमी. थोरलीला शाळेत जायचंय. कारण विचारलं तर, "शाळंची टीम हाय फुटबॉलची. मी जातो की शाळंत." कोल्हापूरच्या पोरीपुढे यावर काय बोलणार? शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच असली की आमच्या घरात सगळे विषय बंद असतात, तिचे डोळे तिथंच लागलेले. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं हळूच विचारलं, "मग इतकी वर्षं वाया गेली म्हणायची का?" तिला म्हटलं, पोरगी वाचते, लिहिते, भांडते, प्रार्थना करते, पावणेदोनशे मोजून देते. वाया काय गेलं?

मी तिच्यासाठी चौकशी सुरू केलीये. पहिल्या ठिकाणी ऑफिसातल्या माणसानं सांगितलं, मागच्या शाळेचा दाखला नसेल तर प्रवेश नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं, आणि चौदाव्या कलमात म्हटलंय की वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. दोन्ही कलमं मराठीत छापून घेतलीत. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटणार आहे. मिस्टर पण येणार आहेत, रजा टाकायला लावलीये.