‘बोलेल की, एवढी घाई कसली?’

आज सोलापुरातच एका नातेवाइकांकडे वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. पाने वाढली जात असताना एका वयस्कर आत्याबाईंनी माझ्या सव्वादोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेतले आणि ‘आत्या म्हण, आत्या म्हण’ असा लकडा लावला. तो त्यांच्या बांगड्यांशी खेळत राहिला. तेव्हा माझ्याकडे न पाहता, पण साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी निकाल दिला, की आई दिवसभर नोकरीवर, मग पोराशी बोलणार कोण? लगेच समोरच्या पानावरून सांत्वनही आले, की मुलगे उशिराच बोलतात, आमचा तर चौथ्या वर्षी बोलायला लागला आणि आता कोर्टात वकिली करतो. वाढणारी मंडळी खोळंबली होती, म्हणून तिथे मी गप्प बसले. इथे गप्प बसण्याचे कारण नाही.

माझा मुलगा ‘मम’, ‘बाबा’, ‘भुर्र’, ‘हम्मा’ असे मोजके शब्द बोलतो. दोन शब्द जोडून ‘बाबा ये’ किंवा ‘मम दे’ असे अजून म्हणत नाही. चप्पल आण म्हटले की आणतो, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो आणि दाखवताना माझ्या तोंडाकडे पाहतो. लसीकरणाच्या वेळी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी नेमके हेच विचारले होते: हाक मारल्यावर वळतो का, बोट दाखवतो का, आधी येत असलेले शब्द बोलायचे थांबला आहे का. दुसरा वाढदिवस होऊन गेल्यावरही शब्द जोडले जात नाहीत हे पाहून त्यांनी पहिली चिठ्ठी दिली ती कानांच्या तपासणीची, कारण जे कानावर पडत नाही ते तोंडात येणार कुठून?

ही तपासणी आम्ही पुण्याला केली. बेरा नावाच्या या चाचणीत कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवून, कानात आवाज सोडून, श्रवणाच्या नसेकडून आणि मेंदूकडून प्रतिसाद मिळतो की नाही हे पाहतात. मूल गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून आदल्या रात्री त्याला जागे ठेवायला सांगतात. त्यामुळे बाहेरच्या बाकांवर पेंगुळलेली मुले आणि त्यांना थोपटणाऱ्या, स्वतःही न झोपलेल्या आया बसलेल्या असतात. माझ्या शेजारी माढ्याकडची एक बाई होती. तिची मुलगी चार वर्षांची होत आलेली, चुणचुणीत, माझ्या पिशवीची चेन उघडझाप करण्यात रमलेली. तिला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, हे त्या दिवशी कळले. ती बाई मला म्हणाली, ‘थाळी वाजवली की वळून बघायची की हो, म्हणून आम्हाला वाटलं ऐकू येतंय.’ मुलगी हाताची हालचाल पाहून, जमिनीचा हादरा जाणवून वळत होती. घरच्यांचे म्हणणे असे, की बापही उशिराच बोलला होता, पोर बापाच्या वळणावर गेली आहे.

म्हणून आज ते ‘मुलगे उशिराच बोलतात’ ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तो वकील आला नाही, ती मुलगी आली. तिच्या आईला ‘थांब’ म्हणणारे सगळे आपापल्या घरी सुखात आहेत. सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही. वर्षे जातात ती मुलाची, आणि तीही मेंदू भाषा सर्वांत सहज उचलतो तेव्हाची. जन्मतः बहिऱ्या मुलाला श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचे उपकरण, जितक्या लवकर मिळेल तितका त्याचा उपयोग अधिक, आणि सरकारी मदतीलाही वयाची मर्यादा असते. हे आत्याबाईंना ठाऊक नसेल. पण ठाऊक नसताना एवढ्या ठामपणे बोलण्याचा अधिकार आपल्याकडे वयाबरोबर आपोआप मिळतो की काय?

आता मान्य करायचे ते करते. उशिरा बोलू लागलेली बरीच मुले पुढे काही न करता बरोबरीला येतात. आमच्या स्पीच थेरपिस्टनेही हे सांगितले. पण आपले मूल त्यांतलेच आहे हे आधी खात्रीने कोणालाच सांगता येत नाही, आणि तपासून घेतल्याने वाट पाहता येत नाही असे थोडेच आहे?

मुलाला मोबाइल दाखवू नका, असेही ऐकवले जाते. तेही मान्य. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनाही सांगतात. फक्त पंगतीत मूल रडू लागले की त्याच्यापुढे मोबाइल धरणारे हात कोणाचे असतात, तेही एकदा पाहावे. भाषेचा आरोप मात्र मी मान्य करणार नाही. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, म्हणून मूल गोंधळले आहे आणि एक भाषा बंद करा, असे मला कितीदा तरी ऐकवले गेले आहे. सोलापुरात हे म्हणावे? जिथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकत पिढ्या वाढल्या आणि तिन्ही भाषांत भांडायला शिकल्या? दोन भाषांमुळे बोलणे लांबत नाही. थेरपिस्टने तर दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले, ‘हम्मा’ही त्यांत धरला.

माझ्या आजेसासूबाईंवर मात्र मला रागावता येत नाही. त्या वेखंड उगाळून जिभेला लावू पाहतात, पोपटाने टोचलेला पेरू कुठे मिळेल याची चौकशी करतात. वेखंड मी लावू देत नाही आणि त्या रुसतात. पण भाजी निवडता निवडता त्या त्याच्याशी कन्नडमध्ये अखंड बोलतात, तो ‘भुर्र’ म्हणाला की ‘हो, पाखरू भुर्र गेले’ अशा अर्थाचे काही म्हणतात आणि त्याच्या उत्तराची वाट पाहतात. थेरपिस्टने पैसे घेऊन मला शिकवले ते हेच: सारखे ‘हे काय, ते काय’ विचारू नका, तो पाहत असेल त्याबद्दल बोला, त्याच्या एका शब्दाला आपला एक जोडा आणि थांबा. सध्या तो जेसीबी पाहतो, त्यामुळे आम्हीही दिवसभर जेसीबीबद्दलच बोलतो.

त्याचे दोन्ही कान उत्तम आहेत, हेही लिहून टाकते, कारण आता काळजीचे फोन येतील. थेरपी चालू राहील. मला पुण्याला जाणे, रजा टाकणे, फी भरणे परवडते. माढ्याच्या त्या बाईला एवढ्या उशिरा का होईना, कोणीतरी पाठवले म्हणून ती तिथे पोहोचली. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी अशी त्यात तरतूद आहे आणि त्या तपासणीत ऐकणे-बोलणेही येते. तेव्हा आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवंडांबद्दल कधी विषय निघाला, तर ‘बोलेल हो’ म्हणण्याऐवजी अंगणवाडी सेविकेचे किंवा सरकारी दवाखान्याचे नाव सांगा. बेराची चाचणी कशी होते, बरोबर काय न्यावे, हे कोणाला विचारायचे असेल तर मला निरोप करा. मुलाला रात्रभर जागे ठेवण्याच्या युक्त्याही सांगेन, त्यांत आमचे घर आता तरबेज झाले आहे.