लाकडी पाय आणि तत्त्वज्ञानातली पीएचडी

मुलगी नर्स आहे असं चारचौघांत सांगता येतं. शिक्षिका, इंजिनिअर, तेही सांगता येतं. पण 'आमची मुलगी तत्त्वज्ञ आहे' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनरच्या 'गुड कंट्री पीपल' (१९५५) या कथेतल्या आईची ही अडचण. मुलगी हुल्गा ३२ वर्षांची, पीएचडी झालेली, एक पाय लाकडी, देवाधर्मावर काडीचा विश्वास नाही. दारात बायबलं विकायला आलेल्या भोळ्या पोराला चार शहाणपणाच्या गोष्टी शिकवाव्यात म्हणून ती त्याच्याबरोबर कोठाराच्या माळ्यावर चढते. त्याच्या पेटीतलं एक बायबल आतून पोकळ निघतं. आत दारूची बाटली आणि पत्ते.

ही हुल्गा म्हणजे थोडीफार लेखिका स्वतःच, असं मला कायम वाटतं. बाप ल्युपसनं (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) गेला तेव्हा फ्लॅनरी १५ वर्षांची. पुढे तोच आजार तिला झाला आणि लेखक म्हणून अमेरिकेच्या उत्तरेत जम बसत असताना तिला दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात, मिलेजव्हिलजवळच्या आईच्या डेअरी फार्मवर परतावं लागलं. मग कुबड्या, मोर पाळणं, सकाळी लेखन. रात्री झोपण्यापूर्वी वीसेक मिनिटं मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसचं वाचन! बाप्टिस्ट प्रोटेस्टंटांच्या मुलखात ही कॅथलिक. स्वतःला गमतीनं 'गावंढळ थॉमसपंथी' म्हणवून घ्यायची.

आपल्याकडे ग्रामीण लेखक म्हटला की बोली, दुष्काळ आणि 'अस्सल अनुभव' शोधतात. विचार मात्र शहरातल्या लेखकाला विचारायचे. (अमेरिकेतही फार वेगळं नसावं.) या बाईनं मध्ययुगीन तत्त्वज्ञान आणि गायीगुरांचं कोठार एकाच कथेत आणलं, आणि कुठेही प्रवचन नाही.

तिच्या पत्रांतली काळ्या लोकांबद्दलची काही वाक्यं मात्र वाचवत नाहीत. २०२० साली मेरीलँडच्या लोयोला विद्यापीठानं वसतिगृहाला दिलेलं तिचं नाव काढलं. मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. कथा कुणी काढून घेतलेल्या नाहीत.

तर तो पोरगा. गोडीगुलाबीनं हुल्गाचा लाकडी पाय काढून घेतो, पेटीत कोंबतो आणि शिडी उतरता उतरता ऐकवतो की तू काही फार हुशार नाहीस, माझा तर जन्मल्यापासूनच कशावर विश्वास नाही. हुल्गा गवतात बसलेली, चष्माही त्याच्याच खिशात. खाली रानात कांदे काढणारी आई त्याला लगबगीनं जाताना बघते आणि म्हणते, किती साधा मुलगा!